सात सीझनचा शार्प

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या एक्सपोर्ट डिपार्टमेंटला बसणाऱ्या माणसाला अमेरिकन फुटबॉलचा नाद कुठनं लागला असं सगळेच विचारतात, तर त्याला कारण विस्कॉन्सिनचा कस्टमर. आमच्याकडनं कास्टिंग घेणारी एक पार्टी तिकडची आहे आणि कॉलवर रिजेक्शन, डिलिव्हरी, कंटेनर सगळं बोलून झालं की शेवटी विषय पॅकर्सवर, म्हणजे त्यांच्याकडच्या ग्रीन बेच्या टीमवर, येतोच. रविवारी पॅकर्स हरले की सोमवारी आमचं रिजेक्शन अचानक वाढतं असा आमच्या ऑफिसातला पक्का समज आहे. म्हणून आधी धंद्यापुरतं स्कोर बघायचो, मग हायलाइट्स, आणि आता रविवारी रात्री साडेदहाला (नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागं गेली की साडेअकराला) लाइव्ह मॅच लावून बसतो, घरचे झोपलेले असतात, आवाज बंद.

ग्रीन बे हे गाव लाखभर वस्तीचं, म्हणजे कोल्हापूरपेक्षा बरंच लहान, आणि तिथला क्लब एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची मुख्य लीग) ३२ टीममध्ये एकमेव असा की ज्याला शेठ नाही. १९१९ ला सुरू झाला, मांस पॅक करणाऱ्या कंपनीनं जर्सीला पैसे दिले म्हणून नाव पॅकर्स, आणि १९२३ पासून शेअर लोकांकडं. सगळा कारभार आपल्या पेठेतल्या तालमीसारखा, फक्त स्टेडियम ८० हजारांचं. हे वाचलं तेव्हाच आपली टीम ठरली.

पण आज मला पॅकर्सवर नाही, त्यांच्या एका जुन्या वाइड रिसीव्हरवर लिहायचंय. स्टर्लिंग शार्प. ८४ नंबर. १९८८ ते १९९४, सात सीझन, विषय संपला. वय २९.

वाइड रिसीव्हर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अकरा अकरा खेळाडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, गेलात तर परत चार प्रयत्न, नाहीतर बॉल समोरच्यांचा. क्वार्टरबॅक नावाचा माणूस बॉल फेकतो आणि वाइड रिसीव्हर तो पकडतो. ऐकायला सोपं वाटतं. पण हा गडी मैदानाच्या कडेला उभा असतो, बॉल हलला की ठरलेल्या रूटनं पळतो, समोरचा पहिल्या पाच यार्डांत त्याला धरून ढकलून रूट मोडायला बघतो, आणि पुष्कळदा यानं मान वळवायच्या आधीच बॉल हातातनं सुटलेला असतो. याची नजर बॉलवर, हात वर, बरगड्या उघड्या, आणि शंभर किलोचा कोणीतरी बाजूनं सुसाट येत असतो जो याला दिसतच नाही. मधल्या पट्ट्यात घुसून बॉल घेणारा रिसीव्हर बघितला की मला पहिला विचार येतो की ह्याच्या आईला हे बघवत असेल का. आणि बॉल दुसऱ्याला गेला तर उभं राहून बघायचं नसतं, आपल्या माणसासाठी अंगानं वाट मोकळी करायची असते, ब्लॉक करायचा असतो. त्या कामाला टाळ्या नाहीत पण मार तेवढाच.

त्यामुळंच ह्या खेळात करिअर मुळातच आखूड. खेळाडूंच्या युनियनचा आकडा सरासरी ३.३ वर्षांचा आहे. लीगवाले म्हणतात की असं मोजू नका, जो पहिल्या सीझनला टीममध्ये टिकला त्याचं मोजा, मग आकडा बराच वर जातो, म्हणजे प्रत्येकजण आपल्या सोयीचं गणित करतो. तीन सीझन भरले तर पेन्शन लागू होते, आणि पुष्कळांचं ते तिसरं भरतच नाही. दर ऑगस्टला ९० पोरांची टीम ५३ वर आणतात, त्यात रिसीव्हर पाच-सहाच ठेवतात, बाकीच्यांनी बॅग भरायची. त्यांची नावं कोणी लिहून ठेवत नाही. त्या हिशोबानं सात सीझन म्हणजे शार्पचं करिअर आखूड नव्हतंच, सरासरीच्या दुप्पट होतं. आखूड वाटतं ते तो ज्या जागेवर थांबला त्यामुळं.

शार्प जॉर्जियातल्या ग्लेनव्हिल नावाच्या खेड्यात आजी-आजोबांकडं वाढला, घरची गरिबी, धाकटा भाऊ शॅनन. साउथ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत नाव केलं आणि १९८८ च्या ड्राफ्टला (कॉलेजची पोरं क्लब पाळीपाळीनं निवडतात तो) पॅकर्सनी सातव्या नंबरला उचलला. तेव्हा पॅकर्स म्हणजे दिवे होते. त्या वर्षी ४ जिंकल्या, १२ हरल्या. साठच्या दशकात जगावर राज्य केलेला क्लब आणि नंतर वीस वर्षं नुसता इतिहास सांगत बसलेला (असे क्लब आपल्याकडंही आहेत, नावं घेत नाही, गल्लीतनं जायचं असतं मला). पहिल्या वर्षी शार्पनं ५५ कॅच घेतले, टचडाउन (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं, आपला गोलच म्हणा) फक्त एक. दुसऱ्या वर्षी ९० कॅच, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त, १४२३ यार्ड, १२ टचडाउन, आणि टीमनं १० जिंकल्या, ६ हरल्या.

मग परत दोन वर्षं टीम गाळात, क्वार्टरबॅक बदलत राहिले, कधी हा जखमी कधी तो. शार्प आपला खेळतोय. १९९२ ला माइक होल्मग्रेन कोच म्हणून आला आणि अटलांटाकडनं ब्रेट फार्व्ह नावाचा एक दांडगट पोरगा आणला, ज्याच्या हाताला ताकद बेफाम होती आणि डोक्याला लगाम नव्हता. असल्या पोराला एकच गोष्ट लागते, की फेकलेलं कोणीतरी पकडलं पाहिजे. शार्पनं त्या वर्षी १०८ कॅच घेतले, तेव्हाचा एका सीझनचा रेकॉर्ड, आणि कॅच, यार्ड, टचडाउन तिन्ही यादीत पहिला. लीगच्या इतिहासात असं तिन्ही एकत्र फार थोड्यांना जमलंय. पुढच्या वर्षी ११२ घेऊन स्वतःचाच रेकॉर्ड मोडला. लागोपाठ दोन सीझन शंभरच्या वर जाणारा पहिला माणूस. तेही पायाच्या अंगठ्याचा सांधा दुखावलेला असताना, आठवडाभर प्रॅक्टिस जवळपास बंद आणि रविवारी मैदानात.

आणि ह्या सात वर्षांत एकही मॅच चुकवली नाही. ११२ पैकी ११२, सगळ्या पहिल्यापासनं. मला ह्या आकड्याचं पहिल्यांदा प्रचंड कौतुक वाटलेलं, आता कौतुक आहेच पण त्याच्याबरोबर जरा कसंतरीही होतं, कारण जी सवय माणसाला अंगठा सुजलेला असताना उभी करते तीच सवय मान दुखत असताना पण उभी करते. शरीरानं सांगितलेलं ऐकायचंच नाही ही शिस्त एकदा लागली की मग कुठलं दुखणं ऐकायचं आणि कुठलं नाही हे ठरवणार कोण?

माणूस सरळ नव्हता हेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटंल मी आरती करतोय. पत्रकारांशी बोलायचाच नाही, वर्षानुवर्षं. १९९४ चा सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कॉन्ट्रॅक्टच्या पैशावरनं टीम सोडून चालता झाला, गावभर बोंब, मग तडजोड झाली आणि दुसऱ्या दिवशी खेळायला हजर. ग्रीन बेच्या लोकांनी तेव्हा लई शिव्या घातल्या. माझं मत विचाराल तर बरोबर केलं त्यानं. पुढं चार महिन्यांत जे झालं ते बघितलं तर ह्या धंद्यात पैसे आजच मागायचे असतात. आणि गंमत अशी की पत्रकारांना तोंड न दाखवणारा हाच माणूस खेळ सुटल्यावर ईएसपीएनवर बसून बोलायचा पगार घ्यायला लागला.

तर १९९४. त्या सीझनला १८ टचडाउन. तोपर्यंतच्या इतिहासात बॉल पकडून मारलेले टचडाउन एका सीझनला त्याच्यापेक्षा जास्त फक्त जेरी राइस ह्या दिग्गज रिसीव्हरचे, १९८७ चे २२. १८ डिसेंबरला मिलवॉकीत अटलांटाविरुद्ध मॅच होती, पॅकर्सची मिलवॉकीतली शेवटची मॅच, त्यात शार्पच्या मानेला दणका बसला, हातापायाला मुंग्या, बधिरपणा. त्यांच्याकडं ह्याला स्टिंगर म्हणतात आणि खेळाडू ते फारसं मनावर घेत नाहीत, हात झटकायचा, दोन प्ले बाहेर बसायचं, परत आत. २४ तारखेला टॅम्पाला गेले, हा खेळला, तीन टचडाउन मारले आणि मानेनं परत तोच त्रास दिला. त्यानंतर मग तपासण्या. ३१ डिसेंबरला डेट्रॉइटविरुद्ध प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) होता त्यात शार्प नव्हता. पॅकर्स जिंकले १६-१२. शार्प परत कधीच खेळला नाही.

निघालं काय तर मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके एकमेकांपासनं सैल झालेले. डोकं डावी-उजवीकडं आपण जे फिरवतो ते मुख्यतः ह्या दोघांच्या जोडावर फिरतं, आणि बाकी मणक्यांत असते तशी गादी त्यांच्यात नसते, सगळं लिगामेंटवर धरलेलं. ते सैल आणि मधनं मज्जारज्जू. श्वास चालवणारी नस तिथनं जरा खाली निघते, म्हणजे त्या जागी मोठा दणका बसला तर प्रश्न हातापायाचा राहत नाही, श्वासाचाच होतो. ऑपरेशन झालं. फेब्रुवारी १९९५ च्या शेवटी क्लबनं त्याला सोडून दिलं. अठरा टचडाउन ते बेकार, दोन महिन्यांत.

कोल्हापुरात हे वाचताना अंगावर काटा येतो कारण मानेचं महत्त्व इथं कोणाला शिकवायला लागत नाही. मंगळवार पेठेत लहानाचा मोठा झालो, तालमीत पोरं डोकं तांबड्या मातीत टेकवून मानेवर अख्खं अंग तोलताना रोज बघितलंय, वस्ताद मानेवर बसून रेटायचा. जोर-बैठका कमी पडल्या तर चालतील पण मान कच्ची असलेला पोरगा आखाड्यात सोडायचा नाही हा नियम. पण त्यातला भेद असा की तालमीत मान कमवतात ती रेटा सहन करायला, ओढाताण सहन करायला, आणि स्नायू तेवढं काम करतात. तीस-पस्तीस किलोमीटरच्या वेगानं पळणारी दोन माणसं आपटली की स्नायूला आवळायला वेळच मिळत नाही, जे काय व्हायचं ते आत लिगामेंटवर. म्हणून कितीही कमवली तरी ही इजा थांबवता येईलच असं नाही. काही गोष्टींना व्यायाम हे उत्तर नसतं, हे आमच्या तालमीतल्या जुन्या लोकांना पटवून दाखवा आणि माझ्याकडनं मिसळ घ्या.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडू हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे कँटन गावातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीसाठी, पात्र होतो. शार्पचं नाव लागलं २०२५ ला. शेवटच्या मॅचनंतर तीस वर्षं. वय ६०. नेहमीच्या रांगेतनं नाही, जुन्या राहिलेल्या लोकांसाठीची जी वेगळी कमिटी असते तिच्यातनं. इतकी वर्षं कारण एकच सांगायचे, की करिअर लहान, एकूण आकडे कमी. ५९५ कॅच, ८१३४ यार्ड, ६५ टचडाउन. आणि जेरी राइसचे बघा, १५४९ कॅच, २२८९५ यार्ड, १९७ टचडाउन.

बरोबर आहे, पण राइस २० सीझन आणि ३०३ मॅच खेळला की. भागाकार करा ना. राइस मॅचला ५.१ कॅच, शार्प ५.३. यार्ड राइस साधारण ७६, शार्प ७३. आता कोणी म्हणंल की राइसच्या म्हातारपणाची वर्षं धरून सरासरी पाडताय, हा अन्याय आहे, ठीक, मग दोघांची पहिली सात-सात वर्षंच घ्या. राइस ५२६ कॅच, शार्प ५९५. यार्डात राइस पुढं, ९०७२. टचडाउनमध्ये तर फारच पुढं, ९३. मी काय शार्प राइसपेक्षा मोठा म्हणत नाही, तेवढं खुळं नाही मी. पण राइसला बॉल फेकायला आधी जो मोंटाना आणि मग स्टीव्ह यंग असले नामी क्वार्टरबॅक, आणि शार्पला पहिली चार वर्षं जो उपलब्ध असेल तो. एवढं असून ज्याचे आकडे राइसच्या शेजारी ठेवता येतात त्याला तीस वर्षं दारात उभं करायचं? गेल सेयर्स नावाचा बॉल घेऊन पळणारा खेळाडू फक्त ६८ मॅच खेळलेला, गुडघे गेले, त्याला १९७७ ला वयाच्या ३४ व्या वर्षी आत घेतलं होतं ह्याच लोकांनी. मग नियम कुठला?

आपल्याकडं पेठेत असलं मोजमाप चालत नाही आणि ह्या एका बाबतीत मला पेठ कँटनच्या हॉलपेक्षा शहाणी वाटते. पाटाकडील आणि दिलबहार ह्या आमच्या पेठांतल्या टीमची (आपला पायानं खेळायचा फुटबॉल) मॅच असली शाहू स्टेडियमला की पायरीवर बसलेली म्हातारी माणसं जुने खेळाडू काढतात. कोण किती वर्षं खेळला हे कोणी विचारत नाही, कुठल्या सीझनला कुणाविरुद्ध काय केलं हे विचारतात. आमच्या गल्लीतला एक फॉरवर्ड होता, दोन सीझन खेळला असेल नसेल, गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशनला पैसे नव्हते, आता गाडी चालवतो. त्याचा एक हेडर अजून सांगतात. सांगताना दरवेळी बॉल आणखी वरनं येतो, ती गोष्ट वेगळी, पण एकूण गोल किती हे विचारलं तर लोक तुमच्याकडं बघत बसतील. हां, त्या पेठेनं त्याच्या ऑपरेशनला वर्गणी काढली नाही हेही तितकंच खरं. आठवण ठेवायला पैसे लागत नाहीत.

उशिरा मान देण्याच्या बाबतीत तर आपण अमेरिकेच्या पुढं आहे. खाशाबा जाधव, राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल, आणि जायला पैसे नव्हते म्हणून कॉलेजच्या प्रिन्सिपल खर्डेकरांनी घर गहाण टाकलेलं. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्याच्या कितीतरी नंतर. शार्प निदान स्वतः स्टेजवर चढला.

स्टेजवर काय झालं ते सांगायलाच पाहिजे. धाकटा भाऊ शॅनन शार्प पण एनएफएलला आला होता, टाइट एंड (ब्लॉकही करणारा आणि बॉलही पकडणारा), डेन्व्हरकडनं. पॅकर्सनी शार्प गेल्यावर दोनच वर्षांत, जानेवारी १९९७ ला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, मारला, ३५-२१, म्हणजे ज्यानं पडकी टीम अंगावर घेऊन ओढली त्याच्या हातात काहीच नाही. पुढच्या वर्षी परत पॅकर्स फायनलला आणि त्यांना हरवलं डेन्व्हरनं. शॅननच्या टीमनं. त्या विजयाची जी अंगठी मिळाली ती शॅनननं भावाला देऊन टाकली. शॅनन २०११ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि भाषणात म्हणाला की इथं बसलेल्यांत मी एकटाच असा असेन जो स्वतःच्या घरातसुद्धा दोन नंबरचा खेळाडू आहे. आणि मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्टर्लिंगचा नंबर लागला, तर त्यानं हॉलमध्ये गेलेल्याला मिळणारा आपला सोनेरी कोट शॅननला दिला. हॉलमध्ये गेलेले दोघं सख्खे भाऊ खेळाडू हे पहिलेच. मी क्लिप बघत होतो आणि बायको विचारायला लागली डोळ्याला काय झालं, म्हणलं फौंड्रीची धूळ.

कोणाला शार्प बघायचाच असेल तर हायलाइट्सचे मोठे व्हिडिओ बघू नका, त्यात सगळेच देव दिसतात. ८ जानेवारी १९९४ ची डेट्रॉइटची प्लेऑफ मॅच शोधा, आख्खी. शार्पचे तीन टचडाउन आहेत त्यात. शेवटचा मिनिटभर राहिला असताना पॅकर्स मागं आहेत, ४० यार्ड लांब, फार्व्ह डावीकडं पळतोय आणि सगळे डिफेंडर त्याच्याबरोबर डावीकडं सरकतायत, कॅमेरासुद्धा. त्या सगळ्या गर्दीकडं लक्ष देऊ नका. फार्व्ह पळता पळता अंग उलटं फिरवून अख्ख्या मैदानावरनं उजवीकडं फेकतो, अशी थ्रो कुठलाच कोच पोराला शिकवणार नाही, आणि उजव्या कोपऱ्यात शार्प एकटा उभा आहे, आजूबाजूला पाच-सात यार्ड कोणी नाही. २८-२४. फार्व्हच्या हाताचंच कौतुक होतं त्या प्लेबद्दल. मी मात्र दरवेळी प्ले मागं घेऊन हे बघतो की सगळी दुनिया डावीकडं चाललेली असताना हा गडी उजवीकडं कधी सटकला.